लिफ्टवाला जिन्याने का गेला

यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. खोटं सांगितलं की लोक माना डोलावतात आणि खरं सांगितलं की एकमेकांकडे बघतात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. तेव्हा सूनबाई, त्या पिशव्या खाली ठेव आणि या पायरीवर टेक जरा. मी दमलोय म्हणून बसलो असं समजू नकोस. गोष्टच अशी आहे, की उभ्याने सांगता येत नाही.

एका माणसाने जिना चढायला सुरुवात केली आणि त्यापायी अख्खी इमारत हादरली. कुठली म्हणतेस? अगं, हीच.

तर या इमारतीच्या लिफ्टची देखभाल एका मेकॅनिककडे होती. लोक त्याला लिफ्टमास्तर म्हणत. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको राहायची. लिफ्टचा दोर, ब्रेक, दारं, गच्चीवरची मशीनरूम, सगळं त्याच्या हातातलं. लिफ्ट वर जाताना जरा वेगळी कण्हली तरी तो ताटावरून उठायचा. मात्र जिन्याशी त्याचं वाकडं. पहिल्या मजल्यावर पान्हा विसरला तरी लिफ्टने जायचा. "खानावळीचा मालक समोरच्या खानावळीत जेवायला जातो का?" असं वर विचारायचा. परिणामी त्याचं पोट त्याच्या आधी लिफ्टमध्ये शिरायचं आणि त्याच्या नंतर बाहेर पडायचं.

एकदा मशीनरूममधली मोटर हलवताना त्याच्या छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं. थांबला, बरं वाटलं. पुन्हा हलवली, पुन्हा पाटा. बायकोने त्याला धरून सहाव्या मजल्यावर नेलं. सहाव्या मजल्यावर हृदयरोगाच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. गेले अर्थात लिफ्टने.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाले, "हृदयाला रक्त नेणारी एक नळी आतून थोडी अरुंद झालीय. घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. सिगरेट आजपासून बंद. मीठ, तेल हात आखडून. आणि चालायचं. थोड्या दिवसांनी जिनाही चढायचा. हळूहळू, एकेक मजला. छाती दाबल्यासारखी झाली की थांबायचं आणि मला सांगायचं."

"सिगरेट सोडतो," लिफ्टमास्तर म्हणाला. "पण जिना? डॉक्टर, मी लिफ्टचा माणूस!"

"मग जिन्याशी ओळख करून घ्या. शेजारीच तर असतो."

"करतील ओळख," बायको म्हणाली. "मी करून देते."

खाली येताना त्याने बायकोला शपथ घातली. "हे कोणाला कळता कामा नये. लिफ्टवाल्याच्याच छातीत बिघाड आहे म्हटल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी मला मशीनरूमची पायरी चढू देईल? उद्याच्या उद्या दुसरा माणूस आणेल."

बायकोने तोंडाला कुलूप लावलं. डॉक्टर तर पेशंटची गोष्ट बाहेर बोलतच नसत. म्हणजे गुपित तिघांत राहिलं. सगळा घोटाळा झाला तो याच शहाणपणामुळे.

काही आठवड्यांनी लिफ्टमास्तर सकाळी जिना चढताना पाचव्या मजल्यावरच्या मावशींना दिसला. लिफ्ट समोर उभी, दार उघडं, आत दिवा चालू, आणि लिफ्टमास्तर जिन्याने निघालेला.

"काय रे, जिन्याने?"

"सहज," लिफ्टमास्तर म्हणाला.

मावशींनी लिफ्टमध्ये टाकलेला पाय बाहेर काढला. लिफ्टवाला आणि सहज जिना चढतो? सहज म्हणून कोणी विमानातून उडी मारतं का? त्या गुपचूप त्याच्या मागून जिना चढल्या. तिसऱ्या मजल्यावर श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा तिथल्या बाईंनी कारण विचारलं. मावशी म्हणाल्या, "मी काही म्हणत नाही हो. पण लिफ्टवाला जिन्याने जातोय. ज्याचं त्याने समजावं."

ज्याने त्याने समजलं. संध्याकाळपर्यंत लिफ्टचा दोर सुटत आलाय, हे नक्की झालं. दुसऱ्या दिवशी तो एका काथ्यावर लटकत होता. तिसऱ्या दिवशी लिफ्ट मधल्यामध्ये एक मजला खाली पडून पुन्हा वर गेल्याचं पाहणारा माणूसही निघाला. सगळी इमारत जिन्यावर आली.

आता पुढचं ऐक. आधी आठवडाभर सगळे धापा टाकत होते. मग मजल्यामजल्यावर खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या तशा गप्पा आल्या. पार्किंगवरून वर्षानुवर्षं न बोलणारे दोन शेजारी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये समोरासमोर आले. भांडायला दोघांकडेही श्वास नव्हता, म्हणून समेट झाला. मावशी पोस्टमनला मागे टाकून वर जायला लागल्या आणि वरच्यांची पत्रं त्याच नेऊन द्यायला लागल्या. सेक्रेटरींच्या पट्ट्याला आतल्या बाजूने नवीन भोकं पडली. जिन्याच्या कठड्याला हात लागून लागून अशी चकाकी आली, की पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ त्यात बघून भांग पाडत.

नाक काय मुरडतेस? डोळ्यांनी पाहिलंय मी.

बोंबलला तो फक्त सहाव्या मजल्यावरचा दवाखाना. कारण हिशेब सरळ होता. सहा मजले जो चढू शकतो त्याला हृदयाच्या डॉक्टरची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे तो सहा मजले चढू शकत नाही. पेशंट खालच्या दारापाशी यायचे, लिफ्टकडे बघायचे, लोकांकडे बघायचे आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जायचे. डॉक्टर मात्र रोज लिफ्टनेच ये-जा करत. लोक म्हणत, "शूर माणूस!"

शेवटी डॉक्टर लिफ्टमास्तरच्या खोलीत येऊन बसले. "तुमच्या जिन्यापायी माझा दवाखाना बुडाला. उद्यापासून लिफ्टने जायला लागा."

"तसं लिहून द्या," बायको म्हणाली. "जिना बंद, असं."

"असं कसं लिहून देऊ? त्यांच्या तब्येतीला जिना चांगलाच आहे."

"मग?"

"चांगला आहे हो," डॉक्टर कपाळ चोळत म्हणाले, "पण इतक्या लोकांना कळायला नको होता."

तोवर सेक्रेटरींनीही फर्मान काढलं. लिफ्ट धड असेल तर लोक बसतील, बसत नसतील तर लिफ्ट धड नाही. सोमवारपर्यंत लोक बसले नाहीत तर देखभाल दुसऱ्याकडे. म्हणजे ज्या नोकरीसाठी लिफ्टमास्तरने छाती लपवली, तीच नोकरी चालली. त्याने घाईघाईने स्टूल घेतलं, लिफ्टमध्ये मांडलं आणि दिवसभर त्यावर बसून खालीवर करत राहिला. लोकांना कळावं, की बघा, मी स्वतः बसलोय.

लोकांना वेगळंच कळलं. "आता तर दिवसभर राखण करावी लागतेय," मावशी म्हणाल्या. "लिफ्ट शेवटच्या घटका मोजतेय."

रविवारी डॉक्टरांनी स्वतःच तोड काढली. सर्वांच्या देखत लिफ्टमास्तर, सेक्रेटरी आणि डॉक्टर अशा तिघांनी तळमजल्यावरून सहाव्यापर्यंत जायचं. सगळी इमारत खाली जमली. आता या एका फेरीवर लिफ्टमास्तरचं पोट अवलंबून. त्यामुळे त्याने काय करावं? चांगली चालणारी लिफ्ट त्याने सकाळी उघडली आणि दारांचे सगळे स्क्रू आणखी एकेक वळसा आवळले. जे बिघडलेलं नव्हतं, ते दुरुस्त केलं.

दार लागलं. लिफ्ट निघाली. लोक जिन्याने बरोबर निघाले. इतक्या दिवसांचा सराव, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या आधी पोचून टाळ्या वाजवायला हजर! चौथा मजला गेला. पाचवा दिसायला लागला. खट्ट! लिफ्ट थांबली, ती थांबलीच.

"झालं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"दाराचा कॉन्टॅक्ट अडकलाय," लिफ्टमास्तर म्हणाला. "गच्चीवर जाऊन हाताने चाक फिरवलं की लिफ्ट मजल्याला लागेल. दोन मिनिटांचं काम."

"मग फिरवायला सांगा कोणाला तरी!"

"ते फक्त मलाच येतं."

सेक्रेटरींनी छातीवर हात ठेवला. "डॉक्टर, मला काहीतरी होतंय. बघा, बघा जरा!"

डॉक्टरांनी त्यांची नाडी धरली. "काही झालेलं नाही. भीती आहे नुसती." हे बोलताना मात्र डॉक्टरांचाच शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. त्यांनी जबडा दाबला, डावा खांदा चोळला आणि म्हणाले, "गॅस झालाय बहुतेक. सकाळी घाईत खाल्लं."

लिफ्टचं दार उघडलं, तर वरच्या बाजूला पाचव्या मजल्याकडे नुसती फट होती. त्या फटीपाशी मावशी जमिनीवर ओणव्या होऊन आत बघत होत्या. त्या कडाडल्या, "डॉक्टर! तुमच्या दवाखान्यात बाकावर बसून बसून भिंतीवरचा तुमचा बोर्ड मला पाठ झालाय. घाम, जबडा, डावा हात, धाप. गॅस म्हणून घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. बोर्ड कोणी लावलाय?"

"मीच," डॉक्टर बारीक आवाजात म्हणाले.

"मग वाचलाय का कधी?"

"मावशी, तो पेशंटसाठी आहे."

"आणि आत्ता तुम्ही कोण आहात?"

डॉक्टर खाली बसले. स्टूल होतंच. लिफ्टमास्तरच्या बायकोने बाहेरून ॲम्ब्युलन्सला फोन लावला. राहिला प्रश्न लिफ्टमास्तर बाहेर पडण्याचा. फट हातभर. बायकोने एकदा फटीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "निघाल तुम्ही. पूर्वीचे नाहीत तुम्ही आता."

आणि निघाला! सेक्रेटरींच्या खांद्यावर पाय दिला, मावशींनी एक हात ओढला, बायकोने दुसरा, आणि जे पोट पूर्वी लिफ्टच्या दारात मावत नव्हतं ते त्या फटीतून सुळकन बाहेर आलं. तिथून तो जिन्याने जो सुटला, तो गच्चीवरच्या मशीनरूममध्ये. मेन स्विच पाडला, ब्रेक सैल केला, चाक फिरवलं. लिफ्ट पाचव्याला लागली. दार उघडलं, डॉक्टरांना खुर्चीत बसवून चौघांनी उचललं आणि जिन्याने खाली नेलं. त्यांना पाऊलही टाकू दिलं नाही. मघाशी मरणाला टेकलेले सेक्रेटरी सगळ्यांच्या पुढे, वाट मोकळी करत.

हॉस्पिटलात तिथल्या डॉक्टरने सांगितलं, "वेळेवर आणलंत. गॅस समजून झोपले असते तर कठीण होतं." आमच्या डॉक्टरांच्या नळीत स्प्रिंग बसवली, गोळ्या दिल्या, आणि निघताना सल्ला दिला: मीठ कमी, काळजी कमी, चालणं रोज, आणि बरं वाटल्यावर हळूहळू जिना.

"जिना?" आमचे डॉक्टर म्हणाले.

"का, जिन्याशी काही भांडण आहे?"

तर पुढे काय झालं असेल सांग. डॉक्टर जिन्याने चढायला लागले, मजल्यामजल्यावरच्या खुर्चीत टेकत. ते बसले की आजूबाजूचे चार लोक नाडी दाखवायला यायचे. दवाखाना सहाव्यावरून आपोआप जिन्यात उतरला. ज्याला जेवढं चढणं झेपेल त्या मजल्यावर त्याची तपासणी. लिफ्टमास्तरची नोकरी टिकली, कारण ज्या लिफ्टमध्ये कोणी बसत नाही ती बिघडत नाही, आणि जी बिघडत नाही तिच्या मेकॅनिकला कोणी नावं ठेवत नाही. लिफ्टमधून फक्त किराणा वर जायचा. तोही घाबरत घाबरत.

आणि लिफ्टमास्तर? ऐंशी ओलांडली तरी तळापासून सहाव्या मजल्यापर्यंत एका दमात. मध्ये कुठे टेकणं नाही, कठडा धरणं नाही, गोष्टी सांगत बसणं नाही. अगदी माझ्यासारखा! याच जिन्याने, याच पायरीवरून...

"बाबा," सूनबाई पिशव्या उचलत म्हणाली, "आपल्या इमारतीला मजलेच चार आहेत. आणि लिफ्ट नाही म्हणून तर मघापासून इथे दुसऱ्या मजल्यावर बसलोय आपण."

"मग इतका वेळ ऐकून का घेतलंस?"

"तुमची धाप थांबायची वाट बघत होते. थांबली. चला उठा, दोनच मजले राहिलेत."