कुमागाईंच्या गिअरपेटीची तहकिकात

"झेंडा चढला गं, उठा, दर्या थांबायचा नाही." हा आवाज ज्या म्हातारीचा, ती आज नाही, परंतु आम्ही लहान असता पहाटे बंदरावर तो घुमे आणि तमाम गाव अंथरूण टाकून पाण्याकडे लोटे, तो अद्याप कानी आहे, त्यास स्मरून ही हकीकत लिहिली असे.

होक्काइडो मुलुखाचे दक्षिण टोकी आमचे गाव. दर्यातील कोंबू, म्हणजे खाण्याच्या शेवाळाची दोन पुरुष लांबीची पाने, उपटून खडीवर वाळवावी हा कदीम धंदा. आणि पंचांनी झेंडा चढविल्यावाचून एकही नाव सुटू नये हा शिरस्ता. येथे खासे कुमागाई तोशिझो, उमर सत्तर, नावेच्या कडेस उभे राहून, काचतळी डब्यातून तळ न्याहाळून, लांब आकड्याने कोंबू पिळून काढणार. आणि त्यांचा कबिला हिसाएबाई पिछाडीस इंजिनापाशी, घडोघडी गिअर टाकून व काढून नाव खडकाशी धरणार. इंजिन पस्तीस वर्षांचे. उभयतांचा करार ऐसा की, हे इंजिन मरेल त्या दिवशी दर्या सोडावा आणि साप्पोरोस लेकीच्या घरी जावे.

मग हंगामाच्या पहिल्या झेंड्यास तीन रोज बाकी असता, बंदरातच चालवून पाहताना, इंजिनाने दगा दिला. गर्जना थोर, परंतु नाव जागची हलेना. पुढचा गिअर टाकताच पाण्याखाली कट् कट् ऐसा नाद होई आणि गिअर सुटे. तोशिझोंचा चेहरा उतरला. मग बंदराचे मिस्त्री ओनोदेरा यांस पाचारण जाहले, आणि ते हत्यारांची पेटी घेऊन दाखल झाले.

प्रथम संशय पंख्यावर. आतले रबर सुटले असता दांडा फिरतो आणि पंखा मागे राहतो. सबब दोहोंवर मिळून रंगाची एक रेघ ओढिली, नाव दोरीने बांधून इंजिन चालविले, आणि पाहतात तो रेघ अभंग.

"दादा, पंखा बिचारा निर्दोष," ओनोदेरा म्हणाले. "उगाच शिव्या खाल्ल्या त्याने."

"मग खालच्या गिअरपेटीत पाणी शिरलं असेल. तेल काढ."

"काढतो. पाणी असलं तर तांदळाच्या धुवणासारखं पांढरं येईल."

तेल आले ते काळे, परंतु निवळ. मात्र खालच्या स्क्रूच्या लोहचुंबकास पोलादाच्या कपऱ्या चिकटलेल्या, माशाच्या खवल्यांप्रमाणे लखलखत होत्या. तेव्हा गनीम आतच आहे हे उमगले, आणि गिअरपेटी खोलण्याचा हुकूम सुटला. आत गिअरला पकडणारी दातेरी कडी सापडली. मागच्या गिअरकडील दाते कोरे करकरीत. पुढच्या गिअरकडील मात्र लाटांनी घासल्या गोट्यांसारखे गोल.

"गिअर कोण टाकतं?" ओनोदेरांनी पुसले.

"ही."

"वहिनी, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालतात तसा टाकता की काय? फटकन टाकायचा असतो. हळू टाकला की दाते एकमेकांवर घासत बसतात."

"चाळीस वर्षं मला फटकन बोलते," तोशिझो म्हणाले, "माया सगळी गिअरवर."

हिसाएबाई चिंधीने हातचे तेल पुसत राहिल्या.

मग ओनोदेरांच्या छपरामागे त्याच जातीचे एक मृत इंजिन होते, त्याच्या पोटातून कडी आणि गिअर काढून आणिले, आणि दोन रोज शर्थ करून पेटी बंद केली. तिसरे दिवशी झेंडा चढला. तमाम नावा सुटल्या आणि त्यांत कुमागाईंची नावही सुटली. आणि कोंबूची पहिली मोळी नावेत पडली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, करार तूर्त तहकूब राहिला, ही नोंद कायम असे.

परंतु खडकापाशी पुन्हा पाण्याखाली तोच कट् कट्.

"अगं, काय सांगितलं होतं त्याने? फटकन टाक."

हिसाएबाईंनी इंजिन बंद केले. नाव लाटेवर डुलत राहिली.

"फटकन टाकला की नावेला हिसका बसतो आणि उभ्या उभ्या तुमचा उजवा गुडघा जातो," त्या म्हणाल्या. "दोन उन्हाळे बघतेय मी. दाते झिजले तर झिजू देत, पण तुम्ही पाण्यात जायला नको. आता खाली बसून कोंबू काढा. मग टाकते फटकन."