पास झालेला नमुना

वेदिकाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी जयनगरच्या मंगल कार्यालयात खोकी उतरली, आणि तिच्या वडिलांनी, उमाकांतरावांनी, सवयीने पहिल्या स्टीलच्या डब्यावर अंगठा घासला. ‘वेदिका’ अंगठ्यावर आली. डब्यावर नुसता नवरदेव ‘आशय’ उरला.

सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी लोकांचा माल तपासून नापास केला होता. म्हणूनच पाहुण्यांना द्यायचे दीडशे डबे आणि ते ठेवायच्या दीडशे कापडी पिशव्या, दोन्हींवर नावं छापून घ्यायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. त्यांनी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या छपाईवाल्या शिवाप्पाला फोन लावला.

"अहो, तुमची शाई पुसली जातेय!"

"पुसणारच की सर. ती कापडाची शाई. स्टीलला वेगळी लागतंय, वर भट्टीत भाजावं लागतंय, किती सांगितलो मी. तुम्हीच म्हणाला, पिशवीचा नमुना पास झालाय, आता शाई बदलायची न्हाई. सही हाय तुमची."

सही होती. पिशवी तीनदा धुऊन, इस्त्री फिरवून, नखानं खरवडून त्यांनी पास केली होती. पास झालेल्या गोष्टीत कुणी बदल सुचवला की त्यांचं डोकंच फिरायचं.

"मग आज पुन्हा छापून द्या!"

"आज? दोन दिवस लागतंय सर. स्वल्प अगोदर बोलायचं की."

"संध्याकाळी सीमांतपूजनाला शिवलीलाबाई येणार," उमाकांतरावांच्या पत्नी कल्पनाताई म्हणाल्या. निपाणीकडच्या या विहीणबाईंनी साखरपुड्यात साडीचा काठसुद्धा उलटा करून पाहिला होता. "त्यांच्या बोटाला मुलाचं नाव लागलं तर?"

"सगळंच पुसू," उमाकांतराव म्हणाले.

"बाबा, लग्नाआधीच मला पुसताय?" मेंदीचे हात वर धरून वेदिका म्हणाली, पण हसायला कुणाला सवड नव्हती. अंगठ्याला सहज आलेली शाई मुद्दाम काढायला गेलं तर ‘य’ची शेपटी काही सोडेना. खोबरेल झालं, मग वेदिकाचं नेलपॉलिश काढायचं औषध झालं, मग कोपऱ्यावरच्या दुकानातल्या त्याच्या सगळ्या बाटल्या झाल्या. शेवटचा डबा कोरा झाला तेव्हा दारात गाडी थांबलीच होती.

शिवलीलाबाई आल्या त्या थेट डब्यांकडे. एक उचलला, फिरवला, तळ पाहिला.

"नाव न्हाई घातलासा?"

उमाकांतरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं, तोच विहीणबाई पुढे म्हणाल्या,

"लई शाणं काम केलासा बघा! आमच्या माळ्यावर साठ डबे पडल्यात, कुणाकुणाची नावं घेऊन. ना वापरवतंय, ना कुणाला देववतंय. हे कसं, खुशाल कुणाच्याही बारशाला देता येतंय."

उमाकांतरावांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात विहीणबाईंनी एक पिशवी हातात घेतली. तिच्यावरची लालभडक अक्षरं आधी अंगठ्यानं घासली, मग नखानं.

"हे तेवढं कशाला घातलासा? निघतंय काय बघा जरा."

"नाही हो निघत," उमाकांतराव म्हणाले, आणि इतक्या पक्क्या छपाईबद्दल त्यांनी विहीणबाईंची मनापासून माफी मागितली.