वकीलसाहेबांची कंबर

"चौतीस," मास्तर म्हणाले, आणि टेपवरचा एकेचाळीसचा आकडा अंगठ्याखाली झाकत त्यांनी ती पुन्हा गळ्यात टाकली.

वकीलसाहेबांनी रोखून धरलेला श्वास सोडला. त्याबरोबर पोट आपल्या नेहमीच्या जागी परत आलं. आरशात स्वतःकडे समाधानाने बघत ते म्हणाले, "बघा मास्तर, बावीस वर्षं झाली. एक इंच इकडे नाही की तिकडे नाही." मास्तरांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं, कंबर एकेचाळीस. तोंडाने एक आणि वहीत एक, असा हा कारभार गेली सोळा वर्षं बिनबोभाट चालू होता.

त्याची सुरुवात साधीच होती. त्या वर्षी वकीलसाहेबांचे थोरले भाऊ गेले, तेही चालते-बोलते, जेवणाच्या टेबलावर. महिन्याभराने साहेब नवीन पँटचं माप द्यायला आले तेव्हा टेप छत्तीस दाखवत होती. मास्तरांनी ते मोठ्याने वाचलं आणि समोरचा चेहरा एकदम उतरला. मग त्यांच्या लक्षात आलं की भावाचे कपडेही आपणच शिवत होतो आणि त्याची कंबर छत्तीसच होती. त्यांनी घाईघाईने टेप पुन्हा लावली, "थांबा, पीळ पडला होता," असं म्हटलं आणि चौतीस करून टाकलं. पँट अंगात नीट बसली म्हणजे झालं, कापड काही बोलायला जात नाही. एका वेळेपुरतं आहे, असं त्यांना वाटलं होतं. पण पुढच्या खेपेला कंबर सदतीस भरली, आणि छत्तीसचं चौतीस करणाऱ्याने सदतीसचं छत्तीस तरी कुठल्या तोंडाने करायचं?

तरीही हे प्रकरण दुकानाच्या चार भिंतींत राहिलं असतं. पण आपली कंबर का वाढत नाही, याचं कारण वकीलसाहेबांना सापडलं. वकिली डोकंच ते. निकाल आधीच हातात होता, पुरावे तेवढे गोळा करायचे होते. सकाळी ते पावाला बोटभर जाडीचं लोणी लावत, त्यामुळे लोणी हे सांध्यांचं वंगण ठरलं. चहात सढळ हाताने साखर घेत, म्हणून मेंदू साखरेवरच चालतो असं निघालं. शरीराला काय खाल्लं ते कळत नाही, कसं खाल्लं तेवढंच कळतं, हा त्यांचा मुख्य सिद्धांत. प्रत्येक घास चाळीस वेळा चावायचा, जेवताना पाण्याला हात लावायचा नाही, आणि गोड आधी खायचं, म्हणजे जीभ शांत होते आणि बाकीचं कमी जातं. बाकीचं खरोखर कमी जातं का, हे बघायला कोणी त्यांच्या घरी गेलं नव्हतं.

हे विचार आधी कोर्टाच्या कँटीनमध्ये फिरले, मग बागेत सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींत, आणि शेवटी वाचनालयाने 'निरोगी आहार: माझा अनुभव' असं त्यांचं व्याख्यानच ठेवलं. नवीन पँट त्यासाठीच शिवायची होती. पँट वेळेवर झाली, आणि निमंत्रण आल्यामुळे मास्तर बायकोला घेऊन व्याख्यानाला गेले. तिथे खरी पंचाईत झाली.

मास्तरांच्या बायकोला दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी रक्तातली साखर काठावर आल्याचं सांगितलं होतं. साखर बंद, भात निम्मा, रोज अर्धा तास चालणं. तिने ते सगळं निमूटपणे पाळलं होतं. उकडलेली भाजी, बिनसाखरेचा चहा, संध्याकाळी बागेला दोन फेऱ्या. आजार तसा अजून झालाही नव्हता, पण घरातली हसण्या-बोलण्याची हौस मात्र आधीच गेली होती.

सभागृहात शंभरेक माणसं होती. वकीलसाहेब तासभर रंगून बोलले. शेवटी एका श्रोत्याने विचारलं की याला आधार काय. साहेब त्याचीच वाट बघत होते. ते म्हणाले, "आधार म्हणजे साक्षीदारच हजर आहे. मास्तर, जरा उभे राहा. गेल्या आठवड्यात तुम्ही माझं माप घेतलंत. किती भरली कंबर?"

मास्तर उभे राहिले. शंभर माणसांसमोर एका माणसाची सोळा वर्षांची इभ्रत त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन बसली होती. "चौतीस," ते म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली बसताना त्यांनी पाहिलं, बायको त्यांच्याकडे टक लावून बघत होती. का, ते त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर लोण्याचा डबा आला. चहात साखर आली. जेवणात आधी गोड आलं आणि मग भात, तोही पूर्वीइतका.

मास्तरांनी आडून आडून सांगून पाहिलं. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, एकाला मानवतं ते दुसऱ्याला मानवत नाही. त्यावर बायकोने विचारलं की मग डॉक्टर सगळ्यांना एकच छापील कागद कसा काय देतात. वकीलसाहेब काही डॉक्टर नाहीत, असं मास्तर म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या त्या डॉक्टरांची कंबर कधी पाहिली आहे का?"

मास्तरांनी ती नुसती पाहिली नव्हती, तर मोजलीही होती. त्रेचाळीस. पण तेही सांगता येत नव्हतं. गिऱ्हाइकाचं माप बाहेर काढायचं नाही, हा एक नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता. त्यातून जे खोटं शंभर माणसांसमोर उभं राहून बोललो, ते स्वयंपाकघरात बसून मागे घ्यायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं. ते पावाला लोणी लावू लागले.

पंधरा दिवसांत बायकोला दुपारची ग्लानी येऊ लागली. हातात सुई असतानाच तिचा डोळा लागायचा. तहान तर इतकी वाढली की पाण्याचा तांब्या सारखा जवळ. आता मात्र मास्तर घाबरले. रोज सकाळी तिच्या चहात पडणारे चमचे ते मनातल्या मनात मोजत आणि दुकानात जाऊन दुसऱ्यांच्या मापात चुका करत.

अशात वकीलसाहेब कोट शिवायला आले. त्यांना आणखी दोन ठिकाणी व्याख्यानाला बोलावलं होतं. मास्तरांनी मनाचा हिय्या केला, टेप लावली, आणि अंगठा बाजूला घेऊन म्हणाले, "एकेचाळीस."

वकीलसाहेब रागावले नाहीत. त्यांनी टेप हातात घेतली, उजेडात धरली, बोटांनी ताणून पाहिली आणि कीव आल्यासारखे म्हणाले, "मास्तर, ही किती जुनी आहे? कापडी आहे. कापड आटतं, हे मी तुम्हाला सांगायचं का?" टेप आटली की आकडे जवळ येतात आणि माणूस उगीच जाड भरतो, हे त्यांनी खडूने कागदावर काढूनही दाखवलं. एवढ्यावर न थांबता, मास्तरांचं नुकसान होऊ नये म्हणून, बागेत सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. बिचाऱ्याची टेप सात इंच आटली आहे, त्याला सांभाळून घ्या.

लोकांनी सांभाळून घेतलं. बेकरीवाला दुसऱ्याच दिवशी आला. त्याची कंबर शेहेचाळीस भरली. त्याने तिथल्या तिथे सात वजा केले, एकोणचाळीस झाले म्हणाला आणि खूश होऊन गेला. मास्तरांनी त्या दिवशी बाजारातून कोरी टेप आणली आणि त्याला बोलावून पुन्हा मोजलं. नव्या टेपनेही शेहेचाळीसच दाखवले, तेव्हा ही पण त्याच गठ्ठ्यातली असणार, असं बेकरीवाल्याने ठरवलं. बघता बघता आजूबाजूचे सगळे सात इंचांनी बारीक झाले. पँटी मास्तर आपल्या वहीप्रमाणेच शिवत होते, त्यामुळे त्या अंगातही नीट बसत होत्या. आणि व्याख्यान ऐकल्यापासून ही मंडळी लोणी-साखर खात असल्यामुळे, तीन आठवड्यांत सात इंच कसे उतरले हे कोणालाच विचारावं लागलं नाही. ज्याने त्याने आपली प्रचिती दुसऱ्याला सांगितली. सोळा वर्षं मास्तरांच्या खोट्यावर कोणी शंका घेतली नव्हती, आणि ते एकदाच खरं बोलले तर त्यांची टेपच खोटी पडली.

शेवटी एका संध्याकाळी मास्तरांनी दुकान लवकर बंद केलं आणि मापांची वही घरी आणली. इतक्या वर्षांत ती दुकानाबाहेर पडली नव्हती. बायको खिडकीशी बसून पँटींना हूक लावत होती. त्यांनी वही तिच्यापुढे उघडली, वकीलसाहेबांच्या मापांवर बोट ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. भावाचं जाणं, टेपचा पीळ, सोळा वर्षं. शेवटी म्हणाले, "मी भर सभेत खोटं बोललो. तू ते लोणी खाऊ नकोस."

तिने दोरा दाताने तोडला. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"त्यांच्या पँटींना हूक कोण लावतं? पूर्वीची कंबरपट्टी मांडीवर मावायची. आताची दोन्हीकडून खाली लोंबते."

मास्तरांना काही उमगेना. ठाऊक होतं, तर मग हे तीन आठवडे काय चाललं होतं, असं त्यांनी विचारलं. तिने सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाले सोडा. बहीण म्हणाली सोड. पोरगी रोज फोनवर विचारते, आई, सोडलीस ना? तो एकटा माणूस खा म्हणाला. मला तेवढंच ऐकायचं होतं हो. बाकी त्यांची कंबर चौतीस असो नाहीतर चव्वेचाळीस."

"पण त्रास तुला व्हायला लागला ना."

"झाला. तुम्हालाही दिसत होता. तुम्ही सभेत साक्ष दिलीत, घरी येऊन गप्प बसलात. मला वाटलं, मी खाल्लं तरी यांना चालतंय."

हे मास्तरांना फार लागलं. आपण दयाळू आहोत, असंच त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. पण गिऱ्हाइकाचा चेहरा उतरू नये म्हणून ते जे करत होते, त्यात त्यांचं स्वतःचं जात काय होतं? चार बोटं जास्तीचं कापड, आणि तेही गिऱ्हाइकाचंच. इथे घरचं माणूस समोर बसून पाण्याचे तांबेच्या तांबे रिकामे करत होतं आणि ते लाजेपायी तोंड मिटून बसले होते. त्यांना रडू आलं. बायकोने वही मिटून बाजूला ठेवली.

सकाळी दोघं रक्त तपासून, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेली. बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्रात पार डोकं घालून बसले होते. पँट मास्तरांच्या शिवणीची होती, त्यामुळे चेहरा बघायची गरज पडली नाही. वकीलसाहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि एका अशिलाच्या कामासाठी आलोय, असं सांगितलं. त्यांच्या खिशातून डॉक्टरांचा तो छापील कागद अर्धा बाहेर डोकावत होता. मग त्यांनी मास्तरांच्या कानाशी वाकून विचारलं, "टेप आटली नव्हती ना?"

"नाही साहेब."

"तरीच," वकीलसाहेब म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडून बसले. या वेळी ते उलटं धरलेलं होतं. मास्तरांना त्यांच्यासाठी वाईट वाटलं, पण एक आकडा मनावरून उतरला याने हलकंही वाटलं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, भुवया चढवल्या, आणि पेन उघडून चहात साखर किती घेता, असं विचारलं.

"एखादा चमचा," बायको म्हणाली.

डॉक्टर मास्तरांकडे वळले. "खरं का?"

बायको खाली बघत पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. तिचा चेहरा आत्ताच उतरायला लागला होता, आणि उतरणारा चेहरा बघण्याची मास्तरांना मुळीच सवय नव्हती.

"दोन," ते म्हणाले. डॉक्टरांनी कागदावर पेन टेकवलं. मास्तरांनी हात पुढे केला. "नाही, थांबा. साडेतीन. दिवसातून चार वेळा. वर लोणी आहे, ते वेगळं."

परत येताना रस्ताभर बायको मुद्दाम दोन पावलं पुढे राहिली. घरी आल्यावर तिने भांड्यांची आदळआपट करत दोन कप चहा केला आणि एक मास्तरांसमोर ठेवला. मास्तरांनी एक घोट घेतला. त्यात साखरेचा कण नव्हता.

"कसा झालाय?" तिने विचारलं.

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि या प्रश्नाचं उत्तर मास्तरांनी आजवर एकच दिलं होतं. त्यांनी कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"कडू," ते म्हणाले.

तिने आपल्या कपातला घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि कितीतरी दिवसांनी खुदकन हसली. "माझाही," ती म्हणाली.