दाराची बेल फ्रीजला

फ्रीज भिंतीकडे तोंड करून उभा होता, लग्नात मानपान न मिळालेल्या जावयासारखा. त्याच्या पाठीमागे मिस्त्री मांडी घालून बसले होते. सारा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेलेला, पण भंगार बाजारातून फ्रीजचा जुना कॉम्प्रेसर त्यांनी मोठ्या हौसेनं आणला होता. गॅसवाल्यानं तो बसवला, नळ्या जोडल्या, गॅस भरला, आणि मग मागे डोकावून विचारलं, "मिस्त्री, ह्याचा रिले कुठंय? ओव्हरलोड कुठंय? नुसत्या तीन पिना दिसतायत."

"विकणाऱ्यानं काढून घेतले असतील."

"मग वायरिंगचं तुमचं तुम्ही बघा बाबा," असं म्हणून त्यानं पिशवी उचलली आणि तो गेला.

हे सगळं मिस्त्रींची बायको भाजी चिरता चिरता ऐकत होती. "दादा आज संध्याकाळी जेवायला येतोय," ती म्हणाली. "त्याच्या ग्लासात ह्या फ्रीजचा बर्फ पडला तर ठीक. नाही तर त्याच्या दुकानातला नवा फ्रीज घेऊ. हा जाईल भंगारात, आणि मागच्या खोलीतलं तुमचं सगळं सामानही ह्याच्याच गाडीत."

मिस्त्रींनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दादा म्हणजे त्यांचा मेव्हणा, फ्रीजच्या दुकानातला विक्रेता. आणि मागची खोली म्हणजे त्यांचा जीव. तिथे त्यांचं टेबल होतं, खिळ्यांचे डबे होते, आणि कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ठेवलेलं बाकी सगळं होतं.

त्यांनी मीटर काढला. ज्या दोन पिनांमध्ये रोध सर्वांत जास्त, त्या सोडून उरलेली ती कॉमन, म्हणजे सामाईक. कॉमनपासून कमी रोध दाखवेल ती चालवणारी, जास्त दाखवेल ती सुरू करणारी. हिशोब चोख लागला. विसरायला नको म्हणून लेकीच्या नेलपॉलिशचे तीन रंगांचे ठिपके त्यांनी पिनांजवळ दिले आणि चहा प्यायला उठले. परत येतात तो ठिपके गायब.

"मीच पुसले," बायको म्हणाली. "पाहुणा येणार आणि फ्रीजला मागून नेलपॉलिश?"

"पाहुणा फ्रीज मागून बघणारे का?"

"माझा भाऊ आहे. बघेल."

पुन्हा मीटर, पुन्हा ठिपके. मग मिस्त्री दुकानात गेले. ओव्हरलोड मिळाला; कॉम्प्रेसरची मोटर फार तापली की तो वीज तोडतो. रिले मात्र नव्हता. "उद्या येईल," दुकानदार म्हणाला.

"उद्या माझी खोली नसेल," असं पुटपुटत मिस्त्री घरी आले. रिलेचं काम ते काय? सायकल शिकणाऱ्याला मागून ढकलायचं आणि लगेच हात काढून घ्यायचा, तेवढंच. मोटर सुरू होताना सुरू करणाऱ्या पिनेला क्षणभर वीज द्यायची आणि तोडायची. पण हा हात आणायचा कुठून?

तेवढ्यात दाराची बेल वाजली. शेजारीण विरजण मागायला आली होती. दार उघडलं तर मिस्त्री पेचकस घेऊन उभे, आणि त्यांची नजर तिच्या बोटावर.

"पुन्हा दाबा बघू."

तिनं दाबलं, सोडलं. मिस्त्रींचा चेहरा उजळला. मेन स्विच बंद करून त्यांनी तिच्यादेखतच बेलचं बटण खोलायला घेतलं. ती विरजण न घेताच परत गेली.

बटण जोडलं, प्लग लावला. फ्रीज नुसता 'हुंऽऽ' करत कण्हला. मिस्त्रींनी बटण दाबून सोडलं, आणि मोटर अशी फिरू लागली की लेकीनं टाळ्या वाजवल्या. फ्रीज सरळ केला, थंडावा पूर्ण वाढवला, बर्फाचा ट्रे आत गेला.

"पण वीज गेली आणि परत आली तर?" लेकीनं विचारलं.

"मी मागे बसतो की."

"पाहुण्यासमोर फ्रीजच्या मागे बसायचं नाही," बायकोनं बजावलं. तेव्हा मिस्त्रींनी बटणाला लांब वायर जोडली, नीट टेप गुंडाळली आणि ते जेवणाच्या टेबलाखाली, स्वतःच्या पायाशी आणून ठेवलं.

मेव्हणा आला तो दार बडवतच. "तुमची बेल कुठे गेली?"

"दुरुस्तीला," मिस्त्री म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

जेवण सुरू झालं. "भाऊजी, जुन्या वस्तूला कवटाळून बसायचे दिवस गेले," मेव्हण्यानं घास घेता घेता सुरुवात केली, आणि वीज गेली. मेणबत्ती लागली. नव्या फ्रीजचं गुणगान बराच वेळ चाललं. ट्रेमधलं पाणी गोठत आलं असेल की नसेल, ह्या विचारात मिस्त्री भात नुसताच कालवत राहिले.

वीज आली. फ्रीज कण्हला. मिस्त्रींनी पायानं बटण चाचपलं. बटण नव्हतंच, पायाच्या धक्क्यानं ते सरकलं होतं. फ्रीज कण्हतच होता. आता मोटर तापणार, ओव्हरलोड वीज तोडणार आणि सगळं संपणार. मिस्त्री टेबलाखाली वाकणार, तोच मेव्हण्यानं ऐसपैस पाय पसरले. मोटर झोकात सुरू झाली.

"माझ्या पायाखाली काय आलं?"

"दादा, पाय काढ," बायको ओरडली. "आधी पाय काढ, मग सांगते."

त्यानं पाय वर घेतला. फ्रीज चालूच राहिला. "मामाचा पायगुण," लेक म्हणाली, आणि मग काही लपवायला उरलं नाही. बेलपासून नेलपॉलिशपर्यंत सगळं सांगावं लागलं.

जेवणानंतर बराच वेळ गप्पा रंगल्या. शेवटी बायकोनं ट्रे उलटा करून ठोकला. दादाच्या ग्लासात बर्फ खणखणत पडला. त्यानं ग्लास फिरवून पाहिला. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "भाऊजी, बाजारात असा अजून एक कॉम्प्रेसर मिळेल का?"

"तुला कशाला?"

"घरचा फ्रीज बंद पडलाय. उन्हाळाभर. दुकानात कळलं तर माझ्याकडून फ्रीज कोण घेईल?"

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. तिनं भावाकडे पाहिलं, मग हातातल्या ट्रेकडे.

"घेऊन ये उद्या," ती म्हणाली. "मागच्या खोलीत ठेव. यांचे डबे सरकवून मी जागा करते." आणि वळून मिस्त्रींना म्हणाली, "मात्र रिले दोन आणा. मला माझी बेल परत हवी."