गुलाब आला, खिडक्या लावा

आपल्या घरात चांगला वास यावा, एवढंच माझ्या मनात होतं. त्यात वाईट काय होतं, तुम्हीच सांगा.

मी सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या ऑफिसात क्लार्क आहे, लग्नाच्या आधीपासून. सांडपाणी टाकीत तुंबून राहिलं, त्याला हवा मिळाली नाही, की त्यातले जंतू गंधकाचे वायू सोडतात. कुणाला त्यात सडकी अंडी आठवतात, कुणाला नासका कोबी. हे आमच्या केमिस्टनी सांगितलं म्हणून मला माहीत. माझं नाक त्या कामातून केव्हाच निवृत्त झालंय. (निरोप समारंभसुद्धा न घेता.)

तर लेकीने आपलं लग्न ठरवलं. मुलगा चांगला होता. आता त्याच्या आईने आम्हाला पसंत करायचं बाकी होतं. रविवारी त्या चहाला येणार होत्या.

"आई, त्या स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक आहेत हं," लेक म्हणाली. "तू पाणीखात्यात आहेस, एवढंच सांगितलंय मी."

"अगं, खोटं कशाला?"

"खोटं कुठंय? पाणीच आहे ना ते?"

"खरं सांग, आपल्या घराला वास येतो का गं?"

ती जरा घुटमळली. "घराला नाही. तुझ्या कपाटाला."

झालं! मला घोर लागला. आमच्या केंद्रावर गुलाबाच्या वासाचं एक औषध आहे. गंधक फारच उसळलं की ते कुंपणावर फवारतात, म्हणजे बाहेरच्यांना बरं वाटावं. ऑपरेटरदादांकडून मी बाटलीभर मागून आणलं.

"बादलीभर पाण्यात एक झाकण, ताई," त्यांनी बजावलं होतं.

पण माझा जीव लेकीत अडकलेला. मी बादलीऐवजी तांब्या घेतला आणि झाकणाऐवजी बाटली. पडदे, सोफा, पायपुसणं, काही सोडलं नाही. आमचे हे पेपर वाचत बसले होते, त्यांच्यावरही थोडं उडालं.

पाहुणे आले. मुलाची आई दारातच थबकली. नाकपुड्या फुलल्या.

"खिडक्या!" त्या ओरडल्या.

आणि मला ओलांडून थेट आत! हॉलच्या खिडक्या त्यांनी लावल्या, स्वयंपाकघरातली मुलाने. दोघं इतकी सराईत, की बघत राहावं. ह्यांनीही धावत जाऊन बाथरूमची खिडकी लावली. (का, ते ह्यांना अजून सांगता येत नाही.)

"तुमच्याकडेही येतं का हे?" नाकाला रुमाल लावून बाईंनी विचारलं.

"काय?"

"अहो, आम्ही त्या केंद्राच्या मागेच राहतो. आधी हा मेला गुलाब येतो, आणि त्याच्या मागून अंडी!"

मग आम्ही सगळे बंद खोलीत, गुलाबात बुडून, अंड्यांची वाट बघत बसलो. चहा निवला. कुणी खोल श्वास घेईना.

"येईल, येईल," बाईंनी मलाच धीर दिला. "रविवारी जरा उशीर होतो."

लेकीचे डोळे भरून आले होते. गुलाबाने की माझ्यामुळे, कोण जाणे. त्या मुलाकडे मात्र ती असं पाहत होती, जणू पुन्हा दिसायचाच नाही. मला राहवेना.

"ते येणार नाही," मी म्हणाले. "मी नुसता गुलाबच आणलाय. मी तिथंच नोकरी करते."

मुलाला शिंक आली. बाईंनी रुमाल हळूच खाली घेतला.

"म्हणजे... तक्रारीच्या फोनवर 'ताई, आधी घोटभर पाणी प्या' म्हणणाऱ्या त्या?"

"मीच."

"अगं बाई! काय काय बोललेय मी तुम्हाला!"

"तुमचा घसा बसायचा हो, म्हणून म्हणत होते."

त्या हसायला लागल्या, त्या थांबेचनात. डोळे पुसत लेकीला म्हणाल्या, "बरं झालं गं. आमच्या घरी तुला नाक मुरडायची सवय तरी नसेल. ये तू खुशाल!"

लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि खोकत खिडक्या उघडायला धावली. मी चहा पुन्हा तापवून आणला.

"गेला हो गुलाब," बाई घोट घेत म्हणाल्या. मग त्यांचं नाक पुन्हा वर झालं. "पण हा बारीकसा दुसरा कसला येतोय?"

मी घाईने खिडकीबाहेर बोट दाखवणार, एवढ्यात ह्यांनी पेपर खाली केला.

"तो जायचा नाही, विहीणबाई," हे म्हणाले. "तो लग्नातच आलाय, हिच्याबरोबर."