दिवेलागणीचा सुळका

मुलगी काय करते, असं कुणी विचारलं की बाबांची पंचाईत व्हायची. थोरला पूल बांधतो, सून दात बसवते, हे सांगायला सोपं होतं. धाकटीबद्दल ते म्हणायचे, "हवा मोजते." समोरचा विचारायचा, "मोजून पुढे काय?" याला बाबांकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर चिमणीकडेही नव्हतं. पीएच.डी.ची बरीच वर्षं उलटली होती आणि नाव घेण्यासारखा एकही शोध तिच्या पदरी नव्हता. तिची शिष्यवृत्ती वाढवायची की थांबवायची, हे ठरवायला लवकरच समिती बसणार होती.

चिमणी हे तिचं घरातलं नाव. पुढे ही पोर धुराच्याच मागे लागणार, हे ते नाव ठेवताना कुणाला ठाऊक असणार?

संस्थेच्या गच्चीची दुरुस्ती निघाली, म्हणून हवेतले बारीक कण मोजणारं यंत्र तिने आपल्या इमारतीच्या गच्चीवर आणून बसवलं. पाण्याच्या कॅनएवढी पेटी, वर हवा ओढून घेणारी नळी आणि समोर हिरवे आकडे.

"बाबा, याच्याकडे लक्ष ठेवा हं. कबुतरं बसू देऊ नका."

"तू निर्धास्त जा," बाबा म्हणाले. निवृत्त झाल्यापासून ते असं एखादं जबाबदारीचं काम शोधतच होते.

आठवडाभरात चिमणीचे डोळे विस्फारले. दिवसभर शहाण्या मुलासारखा सरळ चालणारा आलेख दिवेलागणीला एकदम वर जायचा, सुळक्यासारखा, आणि तितक्याच झटपट खाली यायचा. रोज! रविवारी तर दोनतीनदा.

तिचा पहिला संशय इमारतीमागच्या बेकरीवर.

"काका, संध्याकाळी भट्टी पेटवता का?"

"भट्टी विजेची आहे, पोरी. ये, आत येऊन बघ," बेकरीवाले म्हणाले. "आणि संध्याकाळी आम्ही भाजत नाही, विकतो."

ओशाळून तिने नको असलेले चार पाव विकत घेतले. मग तिने वॉचमनला गाठलं. पालापाचोळा जाळता का, एवढंच विचारलं, तर तो काठी तिच्या हातात देऊन म्हणाला, "ताई, मी सगळा पाला पोत्यात भरतो. विश्वास नसेल तर आजपासून तुम्हीच करा राखण." त्याची समजूत काढता काढता उरलेले पावही त्यालाच द्यावे लागले.

धूर कुणीच करत नव्हता. साध्या माणसाने इथे एका संध्याकाळी गच्चीवर चक्कर मारली असती. पण चिमणी शिकलेली होती. संध्याकाळी ती संस्थेत खुर्चीवर बसून तोच आलेख संगणकावर बघायची. आकडे बसल्या जागी मिळत असताना डोळ्यांना कशाला त्रास द्यायचा? तिने ठरवून टाकलं की हवाच हे कण तयार करते आहे. ऊन उतरतं, हवा खाली बसते, वायू एकमेकांत मिसळतात आणि त्यातून कण जन्माला येतात. रविवारी रहदारी कमी, म्हणून रसायनशास्त्र जास्त. एके दिवशी सुळका आलाच नाही, तर त्याचं खापर तिने वाऱ्यावर फोडलं.

एरवी तिच्या प्रत्येक पानावर लाल शाईचा सडा घालणाऱ्या मार्गदर्शक मॅडम या वेळी उठून उभ्या राहिल्या. "अगं, हे आजवर कुणी पाहिलेलं नाही!"

"नाही मॅडम," चिमणी म्हणाली. ते मात्र शंभर टक्के खरं होतं.

मॅडमनी समितीला कळवलं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मग संध्याकाळीच येतो. प्रत्यक्ष बघू."

समिती गच्चीवर आली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून नळीशेजारी उभे होते. चिमणीने सिद्धान्त समजावला. दिवे लागले. आकडा मात्र जागचा हलेना.

"होईल आता," मॅडम म्हणाल्या.

काही होईना. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. लेकीचा उतरलेला चेहरा बाबांना बघवेना.

"अहो, तो असा आपोआप नाही चढत," ते म्हणाले. "थांबा, मी दाखवतो."

त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, काडी ओढली, फुंकली आणि तिचा धूर नळीखाली धरला. आकडा टुणकन उडाला. लॅपटॉपवर सुळका उभा राहिला. हुबेहूब तोच.

"रोज दाखवतो मी," बाबा अभिमानाने सांगू लागले. "फिरायला येणारे माझे मित्र, त्यांच्या घरची माणसं. रविवारी पाहुणे जास्त, मग काड्याही जास्त लागतात. मध्ये एकदा सर्दी झाली होती मला, तेवढा एकच खाडा."

मॅडम टाकीच्या कठड्यावर बसल्या. धरणीने पोटात घ्यावं असं चिमणीला वाटलं, पण पायाखाली धरणी नव्हती, शेजाऱ्यांचा फ्लॅट होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

"काय म्हणता मग?" अध्यक्षांनी तिला विचारलं.

"सर, शोध नाहीये. काडी आहे. मी संध्याकाळी इथे एकदाही आले नाही. सगळं खुर्चीत बसून लिहिलं."

अध्यक्ष बाबांकडे वळून म्हणाले, "पुन्हा लावा बरं एक." बाबांनी लावली. "यंत्र उत्तम बसवलंय," अध्यक्ष म्हणाले. "शिष्यवृत्ती एक वर्ष वाढवू. तो सिद्धान्त फाडा आणि संध्याकाळी गच्चीवर बसत जा."

सगळे गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "तुझं काम बुडवलं का गं मी?"

"नाही हो. पण रोज काडी कशाला?"

"लोक विचारायचे, पोरगी करते काय. मला सांगता यायचं नाही. काडी लावली की त्यांना कळतं. मलाही कळलं."

चिमणीला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत तिने स्वतः त्यांना कधी एवढं समजावून सांगितलं नव्हतं. तरीही काडेपेटी तिने जप्त केली.

त्यानंतर आलेख सपाट झाला. अगदी खरा आणि अगदी कंटाळवाणा. एका संध्याकाळी ती चहाला म्हणून खाली उतरली आणि मोबाईलवर सुळका उभा राहिला. कप तसाच टाकून ती वर धावली.

"बाबा!"

बाबा हात मागे बांधून सभ्यपणे बाजूला उभे होते. नळीपाशी मॅडम होत्या, हातात विझलेली काडी घेऊन. शेजारी त्यांची म्हातारी आई चष्मा सावरत हिरवे आकडे बघत होती.

"आई विचारत होती," मॅडम ओशाळून म्हणाल्या, "एवढी वर्षं मी नक्की करते काय."

चिमणीने त्या दोघींकडे पाहिलं.

"काडी जरा इकडून धरा, मॅडम," ती म्हणाली. "वारा उलटा आहे."