प्रार्थनांची टक्केवारी

देवाच्या कामात शिस्त यावी म्हणून धर्मप्रांताच्या कार्यालयाने एक साधा निर्णय घेतला. प्रत्येक मंडळीने रविवारी केलेल्या प्रार्थनांपैकी किती फळल्या, त्याची टक्केवारी दरमहा कळवावी. तळाला राहील ते चर्च बंद करून त्याची मंडळी शेजारच्या चर्चला जोडण्यात येईल. चमत्कारांना जादा गुण होते, मात्र पुराव्यासह.

आपल्या गोष्टीतल्या चर्चचे पाळक म्हणजे देवमाणूस, आणि तिथेच सगळं घोडं अडलं. कुणी काहीही मागावं आणि यांनी प्रार्थना करावी: नर्सबाईंच्या नवऱ्याची दारू सुटू दे, शिंप्याच्या आंधळ्या आईला दिसू दे. टक्केवारी चारच्या वर सरकेना. ज्या वेदीपुढे आपलं लग्न लागलं तिला कुलूप लागणार, या विचाराने पाळकांच्या तोंडचं पाणी पळालं.

मदतीला धावले चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीचे चिटणीस. त्यांची हयात विमा कंपनीत गेली होती.

"पाळकसाहेब, देवाचं काही चुकत नाहीये. तुम्ही नको ती लोढणी गळ्यात बांधून घेताय. मरायला टेकलेल्या माणसाला आम्ही कधी पॉलिसी दिली का?"

"अहो, पण आजारी माणसालाच तर प्रार्थना लागते!"

"करू की. बरा होणार असेल तर जरूर करू. तसा डॉक्टरांचा दाखला आणायला सांगा."

पुढच्या रविवारपासून दाखले सुरू झाले. सर्दी-पडशाला मुक्तद्वार मिळालं, जुनाट दुखण्यांना नम्र नकार. शिंप्याच्या आईला पुढच्या बाकावर मानाची जागा देऊन गप्प बसवण्यात आलं. उरलेल्या वेळात मंडळी 'उद्या सूर्य उगवू दे' आणि 'रविवारनंतर सोमवारच येऊ दे' अशा प्रार्थना एकदिलाने करू लागली. 'नळाला पाणी येऊ दे' ही मात्र जोखमीची म्हणून वगळली. एकदा आभाळ गच्च भरलेलं असूनही सूर्य उगवला. तो चमत्कार म्हणून कळवला आणि मंजूरही झाला. टक्केवारी शंभरला टेकली. पहिल्या क्रमांकाची ढाल द्यायला खुद्द बिशपसाहेब येणार असं ठरलं.

त्याच आठवड्यात पाळकीणबाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी तपासलं, बराच वेळ चष्मा पुसला आणि दाखला द्यायला नकार दिला.

"अहो, रविवारी माझं नाव घ्याल ना?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे काय, घेणारच!" पाळक म्हणाले खरे, पण तडक चिटणीसांचं घर गाठलं.

चिटणीसांनी डोक्याला हात लावला. पण तेही काही दगडाचे नव्हते. बाईंच्या हातचं कितीदा जेवलेले. विचार करकरून त्यांनी वाट काढली. "जे व्हायचं असेल ते होवो, असं म्हणा. नाव घेतल्यासारखंही होतं आणि हुकायचा प्रश्नच नाही."

रविवारी बाई कशाबशा येऊन बसल्या. पाळकांनी नाव घेतलं. 'तिला बरं कर' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. समोर बिशपसाहेब बसले होते, त्यांच्या मांडीवर ढाल होती.

"हिचं जे व्हायचं असेल ते होवो," पाळक म्हणाले.

असा दणदणीत आमेन त्या चर्चमध्ये पूर्वी कधी झाला नव्हता. बाहेर पडताना जो तो बाईंचा हात हातात घेऊन सांगत होता, "बाई, तुमच्यासाठी प्रार्थना केली हो!"

घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "बरी होऊ दे, एवढंच म्हणायचं होतंत. नसतं झालं तर नसतं."

"चर्च गेलं असतं गं."

"आणि मी गेले तर?"

पाळकांना रडू कोसळलं. बाईंनीच त्यांना पाणी दिलं.

दारात एवढ्या माणसांनी हात दाबला, पण तुम्हाला नक्की होतंय तरी काय, हे एकानेही विचारलं नव्हतं. वाचकांनी त्यांना खुशाल नावं ठेवावीत. फक्त, बाईंना काय झालंय हा प्रश्न इथवर वाचताना आपल्या तरी मनात आला होता का, तेवढं आधी आठवून पाहावं.